पाहुण्याच्या वहीतली डावी पानं

मंगळवार, ३ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आज वही घालायला सांगितली. रोज संध्याकाळी सहा ते सात पाहुण्यासमोर बसायचं आणि तो किती वेळा खाजवतो ते मोजायचं. दिवसभरात काय खाल्लं, कोणी घातलं, तेही लिहायचं. आठ आठवडे. "मध्ये एक दिवस जरी गडबड झाली तरी मला कळतं," म्हणाल्या. वय माझ्या निम्मं असेल, पण दरारा हेडमास्तरणीचा.

उजव्या पानावर पाहुण्याची नोंद. डावं पान कोरं राहणार होतं, तेव्हा ते मी घेतलं. डॉक्टरीणबाईंना उजवंच दाखवीन.

पाहुणा म्हणजे आमचा कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी यांनी रस्त्यावरून उचलून आणला. "दोन दिवसांचा पाहुणा आहे, कुरकुर करू नकोस," म्हणाले. पाहुणा राहिला आणि तीन वर्षांपूर्वी हेच गेले. आता घरात मी, सासरे आणि पाहुणा.

गेल्या ऑगस्टपासून त्याने आमच्या नाकी नऊ आणलेत. पोटाखालचे केस गेले, काखांत लाल चट्टे, पंजे चाटून चाटून तांबूस झाले. पिसवांचं औषध झालं, तीन तऱ्हेचे शॅम्पू झाले, गादी उकळून काढली. गळ्यात ते कर्ण्यासारखं प्लास्टिक अडकवलं, तर चार दिवस दारांच्या चौकटींवर आपटत फिरला. डॉक्टरीणबाईंच्या मते खाण्यातलंच काहीतरी बाधतंय. म्हणून आजवर कधी न खाल्लेलं तेवढंच द्यायचं, मासा आणि रताळं. दुसरं काही म्हणजे काही नाही, पावाचा चुरासुद्धा नाही.

घरी येऊन मी सांगितलं, "पाहुण्या, त्यांना सांग, तुला आजपासून कुणी दुसरं काही घालायचं नाही."

सासरे पेपरमागून म्हणाले, "पाहुण्या, सांग तिला, ऐकलं म्हणावं."

आजची मोजणी एकेचाळीस.

गुरुवार, ५ मार्च

परवाचं वाचलं आणि वाटलं, तिऱ्हाईताने वाचलं तर म्हणेल, या घरात भांडण आहे. भांडण नाही. कधी नव्हतंच.

बावीस वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. बाप-लेक दोघंच. सासरे अबोल, मी बुजरी. हे मध्ये असायचे. "बाबांना विचार गं", "बाबा, ती म्हणतेय की..." असं यांच्यातून सगळं जायचं आणि यायचं. त्यांना काय हाक मारायची हे माझं कधी ठरलंच नाही. 'अहो' नाही, 'बाबा' नाही. घसा खाकरला की त्यांना कळायचं.

हे गेले तेव्हा सहा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सातव्या दिवशी मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. सासरे दारात आले आणि खाली बसलेल्या कुत्र्याला म्हणाले, "पाहुण्या, तिला म्हणावं, चार घास खाऊन घे." मी खाल्ले. तेव्हापासून हीच वहिवाट पडली. गॅस संपला, नळ गळतोय, आज यायला उशीर होईल, सगळं पाहुण्याच्या कानावर घालायचं. तो ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे बघतो, मग दुसऱ्याकडे बघतो. निरोप्या म्हणून नेमला असता तरी इतकं मन लावून केलं नसतं.

मोजणी अडतीस.

रविवार, ८ मार्च

धाकट्या भावाचा फोन. दर रविवारी असतो, पण आज गाडी थेट मुद्द्यावर. "ताई, खोली रिकामी आहे, मुलं तुझी वाट बघतायत. तिथे आता तुझं आहे कोण?"

त्याच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. मी म्हटलं, "पाहुणा असा खाजवत असताना कुणाच्या गळ्यात घालू? तो बरा होऊ दे. एप्रिल संपेपर्यंत होईल. मग येते."

बोलले आणि मीच दचकले. म्हणजे माझं ठरलंय तर. पाहुण्याला बरा करून सासऱ्यांच्या हवाली करायचा आणि निघायचं. पाहुणा धडधाकट असला की त्यांना सोबत होईल, तेही फिरते-चालते आहेत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं मी दोनदा स्वतःला सांगितलं.

गॅलरीतून आत आले तर रेडिओ बंद होता. बातम्या चालू असताना सासरे तो कधी बंद करत नाहीत. सेल संपले असतील.

मोजणी चाळीस.

शनिवार, १४ मार्च

त्रेचाळीस. अकरा दिवस मासा शिजवतेय आणि आकडा वर चाललाय. लाँड्रीच्या काउंटरवर एका बाईंनी साडी परत घेताना हुंगून बघितली. मालकीणबाईंनी मला मागे इस्त्रीच्या टेबलाशी बसवलंय.

मोजणीच्या तासाला सासरे समोरच्या खुर्चीत बसतात आणि मध्येच पाहुण्याच्या पोटावर हात ठेवतात. हात असला की तो खाजवत नाही. माझी मोजणी चुकते. मी म्हटलं, "पाहुण्या, त्यांना सांग, हात ठेवला तर खरा आकडा कसा कळणार?" त्यांनी हात काढला. पाहुण्याने लगेच मागचा पाय उचलून काखेत घातला. सासऱ्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

हल्ली ते त्यांचे शर्ट स्वतः धुतात. लाँड्रीतून दमून येते म्हणून माझी दया आली असावी. जेवायला मात्र फार वेळ लावतात. माझं आवरून भांडी घासून झाली तरी ते ताटावरच. पण ताट अगदी लख्ख. परवा त्यांची पँट कमरेत दोन बोटं आत घेतली. या वयात माणूस आटतोच.

गुरुवार, १९ मार्च

लाँड्रीत माझं काम डाग ओळखण्याचं. कपडा आला की आधी खिसे उलटे करायचे, मग उजेडात धरायचा. चहा, तेल, गंज, रक्त, शाई, प्रत्येकाचं औषध निराळं. काय सांडलंय ते गिऱ्हाइकाला सांगायला लाज वाटते, पण डागाला वाटत नाही. तेवीस वर्षांत माझा अंदाज क्वचित चुकलाय.

आणि घरात एका कुत्र्याच्या अंगावर काय उठतंय ते मला कळत नाही. चीड येते.

मोजणी एकोणचाळीस.

मंगळवार, २४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी उजवी पानं बारकाईने वाचली. पाहुण्याचे कान उलटे करून बघितले. दोन्ही सुजलेले.

"याला कोणीतरी दुसरं काहीतरी घालतंय," त्या म्हणाल्या.

"घरात आम्ही दोघंच आहोत."

"मग दोघांपैकी कोणीतरी."

मी रागावले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर गोळ्या द्याव्या लागतील. खाज थांबेल, पण त्याचं वय बघता यकृत फार दिवस साथ देणार नाही. मग वर्ष, दीड वर्ष. टेबलावर पाहुणा माझ्या कोपरात नाक खुपसून उभा होता.

घरी आल्यावर विचारलं, "पाहुण्या, विचार त्यांना, तुला कोण काय घालतं."

सासऱ्यांनी त्याला जवळ ओढलं. मग म्हणाले, "पाहुण्या, मी तुझं वाईट करीन का रे?"

हे काही उत्तर झालं नाही. गोळ्यांचं आणि यकृताचं मी त्यांना सांगितलंच नाही. वाईट वाटून घेतील म्हणून नाही, राग होता म्हणून.

रविवार, २९ मार्च

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंवर माझा संशय होता. आज बोलता बोलता विषय काढला. त्यांना कुत्र्याची इतकी धास्ती की आमचं दार उघडं दिसलं तर त्या जिन्यातच थांबतात. काकूच म्हणाल्या, "अगं, तुझे सासरे किती उतरलेत! बरं आहे ना त्यांचं?" मी म्हटलं, छे, रोज दोन वेळा फिरायला जातात. काकूंना सगळ्यांच्याच तब्येतीची काळजी.

भाऊ विचारत होता, तारीख ठरली का. ठरवते म्हटलं.

मोजणी चव्वेचाळीस.

शनिवार, ४ एप्रिल

आज जे सापडलं ते लिहिते.

सासऱ्यांना जरा कणकण होती म्हणून झोपले होते. खुंटीवर त्यांचा शर्ट होता. धुवून टाकावा म्हणून घेतला आणि सवयीने खिसा उलटा केला. खिशाच्या आत पिवळट कडांचा डाग. उजेडात धरला. अंडं. तेही गरम पाण्याने धुतलेलं. अंड्याचा डाग गार पाण्यानेच काढायचा असतो, गरम पाणी लागलं की तो कापडात शिजून बसतो, मग कुणाच्या बापाला निघत नाही. हे मला ठाऊक आहे, त्यांना कुठून असणार? कपाट उघडलं. पाच शर्ट. पाचांच्या पाच खिशांत तोच डाग, जुन्यावर नवा.

म्हणजे रात्रीच्या जेवणातलं त्यांचं रोजचं अंडं माझी पाठ वळली की खिशात जातं, आणि फिरायला गेल्यावर पाहुण्याच्या पोटात.

का, ते कळायला मला वेळ लागला नाही. त्या रविवारी रेडिओचे सेल संपले नव्हते. त्यांनी फोन ऐकला. पाहुणा बरा झाला की ही जाणार, मग तो बरा होऊच द्यायचा नाही! मुक्या जनावराला ओरबाडत ठेवायचं, यकृत गेलं तरी चालेल, पण आयती स्वयंपाकीण हातची जायला नको. बावीस वर्षं ज्यांच्यापुढे मी आवाज चढवला नाही त्यांच्याबद्दल असं लिहितेय, आणि लिहिताना मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

मालकीणबाईंकडून मंगळवारी दुपारी सुट्टी घेतलीय. दुपारच्या जेवणाला ते एकटेच असतात. रंगेहाथ पकडीन आणि सांगीन, उद्याच निघते.

आज मोजलं नाही. कशाला मोजायचं?

मंगळवार, ७ एप्रिल

जसं घडलं तसं लिहिते.

एक वाजता किल्लीने हळूच दार उघडलं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सासरे टेबलाशी, पाठ खिडकीकडे. समोर मी सकाळी करून ठेवलेली अंडी आणि पाव. पाहुणा त्यांच्या पायाशी. मी म्हटलं, चला, पुरावा समोरच आहे.

त्यांनी पावाचा नखाएवढा तुकडा तोंडात घातला. किती वेळ चावत होते! मग पाणी घेतलं, मान उंच केली, गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळ्यांत पाणी आलं. मग रुमाल तोंडाशी नेला आणि तो घास त्यात काढला. थोडं थांबून अंड्याचा कण घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात उचललाच नाही. नुसते ताटाकडे बघत बसले.

मग त्यांनी सगळं कुस्करलं, तळहातावर घेतलं आणि हात टेबलाखाली नेला.

"हळू खा रे," ते पाहुण्याला म्हणाले. "तुझं बरं आहे, तुझं खाली तरी जातं." तो खात होता आणि ते दुसऱ्या हाताने त्याच्या काखेतल्या चट्ट्यांना तेल लावत होते. "थोडे दिवस सोस. एप्रिलअखेर ती एकदा सुखाने जाऊ दे. मग तुला नाही घालणार, शपथ."

मी मनात वाक्यं घोटून आणली होती. मी दार ढकलून आत गेले.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते इतके दचकले की ताट खाली गेलं. पाहुण्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते म्हणाले, "पाहुण्या, सांग तिला..."

"त्याला मध्ये घालू नका. मला सांगा."

 मग त्यांनी मान वर केली.

"ऑगस्टपासून. आधी पाव अडकायचा. मग भात. आता हेही जात नाही. दूध आणि चहा जातो."

ऑगस्ट. पाहुण्याची खाज ऑगस्टची. मी डॉक्टरीणबाईंना दहा वेळा महिना सांगितलाय.

"मग बोलला का नाहीत?"

"तू जाणार होतीस."

"ते मी मार्चमध्ये म्हटलं. ऑगस्टमध्ये कुठे म्हटलं होतं?"

"म्हणालीस मार्चमध्ये. जायला तू तीन वर्षांपूर्वीच हवी होतीस." ते थांबत थांबत बोलत होते. "तो गेला तेव्हाच मी सांगायला पाहिजे होतं, की बाई, तू मोकळी आहेस. मला ते जमलं नाही. घरात कुणी असलं की बरं वाटायचं. आता त्यात हे आजारपण सांगितलं असतं, तर तू कायमची अडकली असतीस. तेवढं तरी मला करायचं नव्हतं."

"टाकून द्यायचं होतं. कुत्र्याला कशाला?"

"कचऱ्याचा डबा तूच उपसतेस. तुझ्या नजरेतून डाग सुटतो का?"

मी पडलेलं ताट उचलायला वाकले. त्यांचं मनगट शर्टाच्या बाहीत किती सैल होतं! गाल आत गेलेले. मी रोज संध्याकाळी एक तास या माणसासमोर बसत होते आणि खाली बघून कुत्र्याचं खाजवणं मोजत होते. शनिवारी डाव्या पानावर जे लिहिलं ते फाडून टाकावंसं वाटतंय. फाडणार नाही, राहू दे माझ्या डोळ्यांसमोर.

"बाबा, उठा," मी म्हटलं. "शर्ट बदला. डॉक्टरकडे जायचंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काय म्हणालीस?"

"शर्ट बदला म्हणाले."

शुक्रवार, १० एप्रिल

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा काय अडकलं, किती दिवसांनी काय बंद झालं, वजन किती उतरलं. पाहुण्याचं विचारलं असतं तर तारखेनिशी सांगितलं असतं. हे बाबांनीच सांगितलं. काट्यावर उभे राहिले तर बारा किलो कमी.

दुर्बिणीची नळी घालून बघितलं. अन्ननलिका एका ठिकाणी पार अरुंद झालीय. तिथे ताणून थोडी रुंद केली, आणि तिथला एक तुकडा तपासायला पाठवलाय. तो कशासाठी पाठवतात हे त्यांनाही कळलं, मलाही कळलं. रिक्षात आम्ही त्यावर बोललो नाही. इतक्या वर्षांनी बोलायला लागलो, पण सगळं एकदम कसं बोलणार?

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या भावाला कळव, तू ठरल्याप्रमाणे येतेस. पाहुण्याला मी सांभाळीन."

"आणि तुम्हाला कोण सांभाळेल?"

त्यांनी सवयीने खाली पाहुण्याकडे बघितलं. तो झोपला होता.

पाहुण्याचे आठ आठवडे मंगळवारपासून नव्याने मोजायचे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. कोणी घालत होतं ते सापडलं, एवढंच मी त्यांना कळवलं. मोजणी सदतीस.

रविवार, १९ एप्रिल

भावाचा फोन आला. मी म्हटलं, "येत नाही रे. राग मानू नकोस."

"अगं पण ताई, तिथे तुझं आहे कोण?"

"बाबा आहेत," मी म्हटलं.

तो पलीकडे गोंधळलाच. आमच्या वडिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली. मग त्याला उमगलं. म्हणाला, "बरं. काही लागलं तर सांग." चांगला आहे माझा भाऊ. मुलांना घेऊन मे महिन्यात तोच येतो म्हणाला.

तपासणीचं अजून कळलेलं नाही. उद्या या म्हणालेत. जीव टांगणीला लागलाय. बाबा मात्र पाहुण्याचे पंजे पुसत बसलेत. मी त्यांना म्हटलं, मला भीती वाटतेय. ते म्हणाले, "मलाही." आणि पंजा पुसत राहिले.

मोजणी बावीस.

मंगळवार, २८ एप्रिल

पाहुण्याच्या पोटावर मऊ लव आलीय. कान उतरलेत. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या मते अंडंच बाधत होतं. आठ आठवडे पूर्ण करायचे आणि मग एकदा खात्री करून घ्यायची.

बाबांच्या तुकड्यात भलतंसलतं काही निघालं नाही. जळजळीने आतून व्रण पडून नळी आवळलीय. पुन्हा आवळेल, दर दोन-तीन महिन्यांनी ताणून घ्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घेऊ ताणून. वजन दीड किलो वाढलंय.

वहीच्या उजव्या पानावर आता मधोमध रेघ मारलीय. एका बाजूला मासा, रताळं. दुसऱ्या बाजूला सूप, दूध, अर्धी वाटी मऊ भात, दोनदा थांबले, एकदा पाणी लागलं. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मला कुत्र्याच्या पंगतीला बसवलंस होय गं?" मी म्हटलं, तुम्हीच आधी त्याला तुमच्या पंगतीला बसवलं होतंत.

आज सूप जरा दाट केलं होतं. सहाला मी वही घेऊन बसले, पण लक्ष त्यांच्या गळ्याकडे. घास जाताना मीही गिळत होते. सगळी वाटी संपली. रुमाल घडीचा घडीच राहिला.

मग त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तू चार घास खाऊन घे. कधीची नुसती बसलीयस."

पाहुण्याने डोकं उचललं. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. त्याने एक जांभई दिली आणि डोकं पुन्हा पंजांवर टेकलं.

मी ताट वाढून घेतलं. बाबा समोर बसून होते. यांच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या. कुठल्याशा सायकलची एक गोष्ट मला यांनी कधीच सांगितली नव्हती. ऐकता ऐकता साडेसात वाजून गेले. आज मोजायचं राहून गेलं.